डिजिटल चित्र विकताना पट्टी कशी मांडायची: कमिशन, बाकीची कपात आणि एक्सक्लुझिव्हची अट

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वरच्या ओळीत भाव असतो, पण माणूस घरी नेऊन वाचतो ती खालची ओळ: हमाली, तोलाई आणि बाकीची वजावट जाऊन हातात काय उरलं. ऑनलाइन मार्केटप्लेसवर क्लिपआर्ट, टेम्प्लेट, पॅटर्न किंवा ब्रश विकणारा कलाकार मात्र बहुतेकदा वरच्याच ओळीवर थांबतो. ‘कमिशन फक्त ६.५ टक्के’ एवढं वाचून खातं उघडतो. बाकीची कपात त्याला पहिले पैसे जमा होताना कळते. आणि ‘हे काम दुसरीकडे विकायचं नाही’ ही अट कळते ती एखादं चांगलं गिऱ्हाईक दारात आल्यावर. ही अट जास्त महाग पडते, कारण तिची किंमत कुठेच छापलेली नसते.

आधी एकाच मालाची पट्टी सगळीकडे मांडा

तुलना करायची तर माल एकच धरा. समजा, कास पठारावरच्या रानफुलांचा १२ व्हेक्टर चित्रांचा संच आहे: कारवी, तेरडा, सीतेची आसवं वगैरे. किंमत १० डॉलर. डॉलरचा भाव ८५ रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा घाला. कागदावर पाच ओळी आखा: लिस्टिंगचा खर्च, कमिशन, पेमेंट प्रोसेसिंग, जाहिरातीची कपात, चलन बदलातली घट. जिथे शून्य असेल तिथे शून्य लिहा, पण ओळ गाळू नका.

एट्सी या ऑनलाइन बाजारात एक वस्तू मांडायला २० सेंट लागतात आणि ती चार महिने राहते. एक नग विकला गेला आणि लिस्टिंग पुढे चालू राहिलं की पुन्हा २० सेंट. कमिशन ६.५ टक्के, एप्रिल २०२२ पर्यंत ते ५ होतं. प्रोसेसिंग देशाप्रमाणे बदलतं, म्हणून इथे अंदाजाने ७० सेंट धरू. म्हणजे १० डॉलरमधून २०, ६५ आणि ७० सेंट गेले, उरले ८.४५. बँकेत येताना भाव साडेतीन टक्क्यांनी कमी मिळाला असं धरलं तर हाती साधारण ६९३ रुपये. इथपर्यंत ठीक आहे.

आता चौथी ओळ. एट्सी स्वतःच्या खर्चाने बाहेर जाहिराती करते, आणि त्या जाहिरातीवरून आलेल्या गिऱ्हाइकाने खरेदी केली तर तुमच्याकडून १५ टक्के कापते. याच विक्रीत ते दीड डॉलर झाले. उरले ६.९५, आणि रुपयांत सुमारे ५७०. गिऱ्हाइकाने ८५० रुपयांचा माल घेतला, त्यातला तिसरा हिस्सा वाटेतच गेला. बारा महिन्यांची विक्री १०,००० डॉलरच्या आत असेल तर ही सोय बंद करता येते: शॉप मॅनेजर, मग सेटिंग्ज, मग ऑफसाइट ॲड्स. एकदा १०,००० ओलांडले की दर १२ टक्के होतो, पण बंद करण्याचा पर्याय कायमचा जातो. म्हणून किंमत ठरवताना पहिल्या दिवसापासून ही ओळ धरूनच ठरवा. खातं उघडण्याआधी भारतातल्या विक्रेत्याला पैसे कुठल्या मार्गाने मिळतात हेही तपासा. दुकान सजवून झाल्यावर पैशांची वाट अडकणं हा नेहमीचा घोळ आहे.

गमरोड या डिजिटल फाइल विकायच्या साइटचा हिशोब वेगळ्या जातीचा. स्वतःच्या लिंकवरून विक्री झाली तर १० टक्के अधिक ५० सेंट, पेमेंट प्रोसेसिंग वेगळं. त्यांच्या ‘डिस्कव्हर’ बाजारातून गिऱ्हाईक आलं तर ३० टक्के. इथे लक्ष ठेवायचं ते त्या ५० सेंटवर. २ डॉलरची वस्तू विकली तर २० अधिक ५०, म्हणजे ७० सेंट, ३५ टक्के कमिशनमध्येच गेले. १० डॉलरला १५ टक्के, २५ डॉलरला १२ टक्के. ठरावीक सेंटांची कपात असते तिथे सुटे चित्र विकणं हा घाट्याचा धंदा. १२ फुलं सुटी न ठेवता संच करा, ३६ झाली की मोठा संच करा.

चाहत्यांकडून थेट पैसे घ्यायच्या साइट म्हणजे को-फाय आणि पेट्रिऑन. को-फायवर टिपेवर कमिशन नाही, मोफत खात्यावर दुकान आणि सभासदत्वावर ५ टक्के. पेट्रिऑनने ऑगस्ट २०२५ पासून नव्या खात्यांना १० टक्के लावले आहेत. शिवाय आयफोनच्या ॲपमधून सभासद झाला तर ॲपलचे ३० टक्के वेगळे. सभासदांना ब्राउझरची लिंक द्या, ॲपची नको. खेळासाठी चित्रं करत असाल तर इच.आयओवर विक्रेताच कमिशन ठरवतो, आधीपासून भरलेला आकडा १० टक्के असतो. स्टीम हे खेळांचं मोठं दुकान ३० घेतं.

स्टॉक साइटवर, म्हणजे तयार चित्रांचे वापर-परवाने विकणाऱ्या साइटवर, गणित उलटं वाचावं लागतं, कारण तिथे ते तुमच्याकडून किती घेतात हे न सांगता तुम्हाला किती देतात ते सांगतात. ॲडोबी स्टॉक चित्र आणि व्हेक्टरला ३३ टक्के देतं, व्हिडिओला ३५. सबस्क्रिप्शनवाल्या गिऱ्हाइकाने उतरवलं तर बऱ्याचदा ३३ सेंटांच्या आसपासच पडतात. शटरस्टॉकने जून २०२० मध्ये १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आणल्या. पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५, पुढे चढत जायचं, आणि दर १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर. डिसेंबरच्या कमाईवर जानेवारीचा हप्ता ठरवलेला कलाकार इथे हमखास फसतो. एका डाउनलोडला किमान १० सेंट मिळतात, आणि छोट्या कलाकाराला बऱ्याच वेळा तेवढेच मिळतात.

आता शेजारी एक घरची पट्टी मांडा. तोच संच साताऱ्यातल्या किंवा मिरजेतल्या गिऱ्हाइकाला ५०० रुपयांना थेट पेमेंट लिंकवर विकला. गेटवेचे २ टक्के म्हणजे १० रुपये, त्या १० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १.८०. हातात ४८८ रुपये २० पैसे. किंमत ३५० रुपयांनी कमी, पण जाहिरात-कपात लागलेल्या एट्सीच्या विक्रीपेक्षा फरक जेमतेम ८२ रुपयांचा. मार्केटप्लेस नको असा याचा अर्थ नाही. अनोळखी गिऱ्हाईक आणून देणं एवढ्याचसाठी कमिशन द्यायचं. ओळखीचं गिऱ्हाईक त्याच दुकानात पाठवून स्वतःच्या खिशातून कमिशन भरणं बंद करा.

दर हा करार नसतो हेही गृहीत धरा. कलाकारांची चित्रं वस्तूंवर छापून विकणाऱ्या रेडबबलने २०२३ मध्ये खात्यांच्या श्रेणी पाडून साध्या श्रेणीच्या कलाकाराच्या मार्जिनमधूनच खाते-शुल्क कापायला सुरुवात केली. उलटही होतं: एपिक गेम्सने २०२१ मध्ये आर्टस्टेशन ही कलाकारांची साइट विकत घेतल्यावर तिथल्या दुकानाचं कमिशन ३० वरून १२ टक्क्यांवर आलं. दोन्ही वेळा कलाकाराला कुणी विचारलं नव्हतं. एनएफटीमध्ये (ब्लॉकचेनवर नोंदलेली डिजिटल मालकी) तर पुढच्या प्रत्येक विक्रीवर रॉयल्टी मिळेल असं सांगून लोकांना बोलावलं, आणि २०२३ मध्ये ओपनसी या एनएफटीच्या बाजाराने ती सक्तीने वसूल करणं सोडून दिलं.

एक्सक्लुझिव्ह म्हणजे नेमकं काय बांधून देताय

‘एक्सक्लुझिव्ह’ या एकाच शिक्क्याखाली निरनिराळ्या अटी असतात. अर्ज भरण्याआधी आपली कुठली ते ठरवा.

सगळ्यात जड ती खात्यावरची अट. आयस्टॉकवर साध्या कलाकाराला फोटोला १५ आणि इलस्ट्रेशनला २० टक्के मिळतात. एक्सक्लुझिव्ह झालात तर २५ पासून ४५ पर्यंत. पण त्या बदल्यात त्या प्रकारातलं तुमचं सगळं रॉयल्टी-फ्री काम (गिऱ्हाइकाने एकदा पैसे भरून पुन्हा पुन्हा वापरायचं) त्यांना बांधलं जातं, त्यांनी नाकारलेलंसुद्धा. इलस्ट्रेशनचा एक्सक्लुझिव्ह असाल तर फोटो दुसरीकडे चालतात, पण इलस्ट्रेशन स्वतःच्या वेबसाइटवरही रॉयल्टी-फ्री विकता येत नाही. नाकारलेलं काम कुजत पडतं, हा या अटीतला खरा तोटा.

दुसरी अट वस्तूपुरती. हे एक टेम्प्लेट फक्त इथे, बाकीचं तुम्ही कुठेही विका. ही सहन होण्यासारखी.

तिसरी मुदतीची. केडीपी या ॲमेझॉनच्या स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेतली केडीपी सिलेक्ट योजना हे ठळक उदाहरण: ई-बुक ९० दिवस दुसरीकडे कुठेही, मोफतसुद्धा, ठेवायचं नाही, नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंतचा भाग चालतो, आणि छापील पुस्तकाला बंधन नाही. मराठी चित्रपुस्तक करणाऱ्यांना याचा विचार टाळता येत नाही, कारण ॲमेझॉनच्या भारतातल्या दुकानावर ७० टक्के रॉयल्टी सिलेक्टमध्ये असलेल्या पुस्तकालाच मिळते, नाहीतर ३५. मात्र चित्रपुस्तकाला ७० चा मोह तपासून घ्या. त्या पर्यायात फाइलच्या प्रत्येक एमबीमागे वितरणखर्च आधी वजा होतो. अमेरिकेच्या दुकानात तो १५ सेंट आहे. ४.९९ डॉलरचं २० एमबीचं पुस्तक घ्या: वितरणाचे ३ डॉलर गेले, उरलेल्या १.९९ चे ७० टक्के म्हणजे १.३९. ३५ टक्क्यांच्या पर्यायात वितरणखर्च नाही, म्हणून ४.९९ वर १.७५ मिळतात. म्हणजे मोठा टक्का घेऊन कमी पैसे. फाइल ५ एमबीवर आणली तर चित्र पालटतं: ७० टक्क्यांत २.९७. भारतातल्या दुकानातही एमबीमागे रुपयांत असाच आकार लागतो. आधी फाइल हलकी करा, मग पर्याय निवडा.

चौथी अट नावाने एक्सक्लुझिव्ह नसते, पण परिणाम तोच: इथल्यापेक्षा कमी किमतीत दुसरीकडे विकू नका. वर दाखवलेली ५०० रुपयांची थेट विक्री या अटीत अडकू शकते. अशा वेळी तोच संच स्वस्त विकू नका. वेगळा संच करा, वेगळी फुलं, वेगळं नाव.

अट घ्यायची की नाही याला एक सोपा भागाकार आहे. बाकीच्या सगळ्या ठिकाणांहून महिन्याला निव्वळ किती येतात ते काढा. एक्सक्लुझिव्ह दरातून साधा दर वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. बाहेरून महिन्याला ३५ डॉलर येत असतील आणि दर २० वरून ३० टक्क्यांवर जाणार असेल, तर ३५ भागिले ०.१०, म्हणजे ३५०. त्या साइटवर तुमचा माल महिन्याला ३५० डॉलरच्या वर विकला जात असेल तरच सौदा करा. विक्री २०० ची असेल तर २० डॉलर जास्त मिळतील आणि ३५ जातील. एक्सक्लुझिव्ह झाल्यावर शोधात वर दाखवू असं सांगतात, पण ते किती याचा आकडा लिहून देत नाहीत, म्हणून भागाकारात धरू नका.

कामाचे तीन ढीग

चित्र एकदा स्टॉकवर चढलं की ते पुन्हा कुणालाच एक्सक्लुझिव्ह विकता येत नाही. ते काढून टाकलंत तरी आधी विकले गेलेले परवाने चालूच राहतात. म्हणून अपलोड करण्याआधीच काम वेगळं करा.

पहिल्या ढिगात सर्वसाधारण माल: फुलं, पानं, बॉर्डर, रांगोळीचे पॅटर्न. हा सगळ्या नॉन-एक्सक्लुझिव्ह स्टॉक साइटवर एकदमच चढवा. सणाचा माल दोन-तीन महिने आधी गेला पाहिजे. दिवाळीच्या आठवड्यात चढवलेला आकाशकंदील पुढच्या वर्षी विकला जातो. दुसऱ्या ढिगात संच आणि टेम्प्लेट, ते दुकानवजा साइटवर. तिसऱ्यात तुमची ओळख पटवणारं काम, आणि ते स्टॉकवर अजिबात नाही. याला आता आणखी एक कारण झालंय. ॲडोबीने फायरफ्लाय हे एआय मॉडेल ॲडोबी स्टॉकवरच्या कामावर शिकवलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कलाकारांना त्याचा बोनस दिला. शटरस्टॉकच्या खात्यात आपलं काम एआयला शिकवण्यासाठी न देण्याचा पर्याय आहे, तो शोधून ठरवा. स्वतःची शैली असलेलं काम तिथे टाकून मग नक्कल होते म्हणून रडण्यात अर्थ नाही.

गावातलं एक्सक्लुझिव्ह आणि कायदा

सांगलीतलं एखादं मंडळ म्हणतं, बाप्पाचं हे डिझाइन दुसऱ्या कुणाकडे दिसलं नाही पाहिजे. मागणी रास्त आहे, पण ती फुकट द्यायची नसते. ते चित्र एरवी त्या हंगामात पाच मंडळांना ८०० रुपयांप्रमाणे गेलं असतं, तर एक्सक्लुझिव्हचा दर ४,००० च्या खाली येऊ नये.

त्याहून महत्त्वाचं, लेखी काय देताय. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. कलम ३० अ मुळे परवान्यालाही हेच लागू होतं. म्हणजे ‘एक्सक्लुझिव्ह दिलं’ एवढंच लिहून सही केली तर एका गणपतीचं चित्र पाच वर्षं देशभर अडकलं. पावतीच्या मागे इतकं पुरतं:

‘या चित्राच्या वापराचा एक्सक्लुझिव्ह परवाना मंडळास १ ऑगस्ट २०२६ ते ३१ जुलै २०२७ या काळात, सांगली जिल्ह्याच्या हद्दीत, बॅनर, पावतीपुस्तक व सोशल मीडिया एवढ्याच वापरासाठी दिला आहे. कॉपीराइट व मूळ फाइल चित्रकाराकडे राहील. मुदतीनंतर चित्रकार हे चित्र इतरत्र विकू शकेल.’

खाली दोघांच्या सह्या, तारीख, रक्कम.

फ्लेक्सवाला सीडीआर फाइल (कोरलड्रॉची, बदल करता येणारी) मागेल. ती देऊ नका. अक्षरं आउटलाइन करून पीडीएफ द्या. याने दोन कामं होतात. त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नाव बदलून तेच डिझाइन शेजारच्या गावात लावणं सोपं राहत नाही. पसंतीसाठी पाठवायचं चित्र लांब बाजूने १,००० ते १,२०० पिक्सेलचं, मधोमध वॉटरमार्क टाकून. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापायला दहा सेकंद लागतात.

उलट बाजूचा सापळा कलम १७ मध्ये आहे. पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणारा असतो. आजोबांचं डिजिटल व्यक्तिचित्र करून दिलंत आणि नंतर तेच दुकानात नमुना किंवा प्रिंट म्हणून विकायला ठेवलंत, तर ऑर्डर देणाऱ्याची तक्रार बरोबर ठरेल. ऑर्डर घेतानाच कॉपीराइट आपल्याकडे ठेवल्याचं लिहून घ्या. चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचं चित्र काढून प्रसिद्ध करायला आपला कायदा परवानगी देतो, तरी परदेशी स्टॉक साइट त्यासाठी मालकाची संमती मागून काम नाकारू शकते.

टेम्प्लेट विकताना फॉन्टचा परवाना पाहा. मुक्ता, बलू, टिरो देवनागरी हे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, ते निर्धास्त वापरा. विकतचा फॉन्ट फाइलसोबत देता येत नाही. त्यावरून तक्रार आली तर एका वस्तूवर न थांबता अख्खं खातं बंद होऊ शकतं.

अटी वाचायची रीत

तीस पानं कुणी वाचत नाही, म्हणून पानात शोध घ्या. एक्सक्लुझिव्ह, पर्पेच्युअल (कायमचं), इर्रेव्होकेबल (मागे न घेता येणारं), सबलायसन्स (पुढे दुसऱ्याला परवाना देणं), असाइन, मशीन लर्निंग (एआयला शिकवणं), टर्मिनेशन (करार संपवणं) हे शब्द इंग्रजीत टाकून प्रत्येकाच्या आजूबाजूचा परिच्छेद वाचा. ‘असाइन’ म्हणजे हक्कच गेला. डिझाइन स्पर्धांच्या साइटवर जिंकलेल्या कामाचं बहुधा हेच होतं. ‘पर्पेच्युअल’ आणि ‘इर्रेव्होकेबल’ विकल्या गेलेल्या परवान्यापुरतं असेल तर चालतं, अपलोड केलेल्या प्रत्येक फाइलला असेल तर नको. वाचलेलं पान पीडीएफ करून तारखेनिशी ठेवा, कारण तीच लिंक सहा महिन्यांनी वेगळं दाखवते.

पैसे आणि कर

अमेरिकन साइटवर डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा कराचा फॉर्म) भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० टक्के कापले जातात. पॅन टाकून भारत-अमेरिका करार निवडला की कॉपीराइट रॉयल्टीला १५. फॉर्म सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपतो. २०२५ मध्ये भरलेला ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. संपल्यावर कपात गुपचूप ३० वर जाते. नाव पॅनवर जसं आहे तसंच लिहा, नाहीतर फॉर्म अडकतो.

भारतीय मार्केटप्लेस विक्रीवर टीडीएस कापतात, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. वैयक्तिक विक्रेत्याची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कपात नाही. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीवर, आणि त्यात परदेशातून आलेली रक्कमही मोजायची असते. नोंदणी असेल तर परदेशी विक्रीवर कर न भरता व्यवहार करण्यासाठी एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी आरएफडी-११ या फॉर्ममध्ये नव्याने द्यावं लागतं. एप्रिलमध्ये ते राहून गेलं की पुढचा घोळ निस्तरायला सीएची फी द्यावी लागते. साइटचं कमिशन खर्च म्हणून दाखवायचं असेल तर दर महिन्याचं स्टेटमेंट उतरवून ठेवा. खातं बंद पडल्यावर ते मिळत नाही.

पेपॉल भारतात १ एप्रिल २०२१ पासून फक्त परदेशी रकमेसाठी आहे, आणि बाजारभावापेक्षा रूपांतरातच ३-४ टक्के खातं. दुसरा मार्ग साइट देत असेल तर शंभर डॉलरची पट्टी दोन्हीकडून काढून पाहा. बँकेकडून परदेशी रकमेचा दाखला प्रत्येक वेळी मागून घ्या, आणि बँक हेतू विचारेल तेव्हा कॉपीराइट-परवान्याचा कोड सांगा. ‘नातेवाइकाकडून मदत’ असा कोड पडला तर निर्यात म्हणून ती रक्कम दाखवता येत नाही.

बाहेर पडायचं असेल तर

एक्सक्लुझिव्ह सोडायची मुदत अटींत दिलेली असते, ती संपेपर्यंत दुसरीकडे एकही फाइल चढवू नका. ड्राफ्ट म्हणून ठेवा. केडीपी सिलेक्ट ९० दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतं. त्यामुळे नोंदणी करताक्षणी पुस्तकाच्या पानावर जाऊन ऑटो-रिन्यूची खूण काढा. पुढे चालू ठेवावंसं वाटलं तर ती परत लावता येते. विसरलात तर आणखी ९० दिवस थांबायचं.